पत्रातला रंगा

माझ्या तोंडात एके काळी एक पलटण राहायला हुती. सगळी कागलच्या आसपासच्या खेड्यांतली पोरं. एक नाकातनं बोलणारा, एक वाक्य संपायच्या आधीच हसणारा, एक असा की दर चार शब्दांनी 'काय म्हणतो मी' म्हणणारा. ह्यातला एकबी त्या वेळी गावात नसायचा. कुणी वर बर्फात, कुणी वाळूत, कुणी पार पूर्वेला कुठल्या तरी नदीच्या काठाला. तरीबी दुपारच्या वक्ताला, गल्ली पेंगत असताना, ती सगळी आपापल्या घरात सोप्यात बसून बोलायची. माझ्या तोंडानं.

पावणं, मी पोस्टमन. अजून रिटायर न्हाय, केस काळेच हायत, तवा उसासे टाकत लिवायचं वय न्हाय माझं. ह्या अंकाच्या संपादकांनी मला एका लग्नात नवऱ्याच्या मामाची नक्कल करताना पकडलं. पोट धरून हसले आन् म्हणाले, हे झालं, आता कामाचं काहीतरी लिवून द्या. मी म्हटलं, साहेब, हेच माझं काम हुतं. त्येंना वाटलं मी थट्टा करतोय.

कागलच्या ऑफिसात सकाळी टपाल फुटायचं. माझ्या वाटणीला सायकल, खाकी पिशवी आन् तीन खेडी. शेवटचं खेडं उसात असं बुडालेलं की जवळ गेल्याशिवाय दिसायचंच न्हाय, आधी गुळाचा वास यायचा आन् मग गाव. तितलं पोस्ट मुल्ला मास्तरांच्या दुकानात. मास्तर गावचे शिंपी आन् गावचे पोस्टमास्तर, दोन्ही एकाच खुर्चीत. उजव्या हाताला शिलाईचं मशीन, डाव्या हाताला शिक्का. एकदा घाईत त्येंनी कुणाच्या तरी नव्या पायजम्यावर शिक्का मारला, आन् त्यो पायजमा घालून गडी वर्षभर तारीखवार हिंडला.

त्या गावात घरटी एक फौजी. फौजेतल्या पत्रावर गावाचं नाव नसतंय, नुसता पलटणीचा नंबर आन् छप्पन एपीओ, म्हंजे फौजेचं टपाल ऑफिस. म्हाताऱ्या बायकांना वाटायचं छप्पन हे एक गावच हाय, लई मोठं, आन् जगातली सगळी फौजी पोरं तितंच राहत्यात. एक आजी मला सांगायची, आमच्या शिवाला छप्पनचं पाणी मानवलंय बघ. मी कधी तिला समजावलं न्हाय. मलाबी सायकल मारता मारता त्ये छप्पन दिसायचं. एका बाजूला बर्फ, एका बाजूला वाळू, मधनं नदी, आन् तिच्या काठानं आमची सगळी पोरं गुडघ्यावर पाट्या घेऊन पत्रं लिवत बसलेली. मी स्वतः बेळगावच्या पलीकडं गेलो नव्हतो. पण पिशवीत हात घातला की बोटं गार पडल्यासारखी वाटायची.

तवा पत्र पोचवायचं म्हंजे वाचूनबी दाखवायचं. कायद्यात न्हाय, रिवाजात हुतं. आन् पत्रं सगळी एकसारखी. तीर्थरूप अमक्यास साष्टांग नमस्कार, मी इकडे खुशाल आहे, काळजी नसावी. पोरं शाळेत जसं शिकली तसं लिवायची, जमत न्हाय त्येला शेजारच्या खाटेवरचा लिवून द्यायचा. पहिल्यांदा मी एका आईला तिच्या म्हादूचं पत्र वाचून दाखवलं, चांगलं खणखणीत, शाळेत मास्तर उभं करून वाचायला लावायचे तसं. म्हातारी ऐकत राहिली आन् म्हणाली, "हे कोण बोलतंय?"

"तुमचा म्हादू की."

"माझा म्हादू असा बोलंल व्हय? ह्यो तर तलाठी बोलतोय."

म्हादूला मी वळखत हुतो. गालात पान धरल्यागत बोलायचा. मी गंमत म्हणून त्येच पत्र त्येच्या आवाजात वाचलं. म्हातारीनं डोळं मिटलं. पत्र संपलं तरी उघडलं न्हाईत. मी पिशवी उचलून हळूच बाहेर आलो, पायांचा आवाज न करता, आत कुणी झोपलं असल्यागत.

झालं. गावभर बातमी. मग तलाठी कुणालाच चालंना. पोरगं रजेवर आलं की मी त्येला गाठायचो, चहा पाजायचो, मुद्दाम वाद घालायचो, त्यो चिडला की कसा बोलतो, आईला हाक कशी मारतो, सगळं पिशवीत भरून ठेवायचो. एका घरातल्यांनी तर मला चक्क अडवलं. त्येंचा पोरगा हवालदार झालता, तवा आवाज जरा जड काढायचा, नाईक असतानाचा आता चालणार न्हाय. मी काढला जड. त्येंनी आत जाऊन पेढा आणला, पोराच्या नावानं माझ्या तोंडात घातला.

एक मात्र पाळलं. शब्द माझा एक न्हाय. काना, मात्रा सगळं पत्रातलं. आवाज तेवढा माझ्याकडचा.

ह्या सगळ्यात मानाचं घर म्हंजे सुभेदार आबांचं. आबांचा बाप पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेला, आबा स्वतः सुभेदार होऊन परतलेले, आन् एकुलता रंगा पलटणीत. दारावर नाव रंगवलेलं, त्येच्या आधी हुद्दा. पत्र आलंय म्हटल्यावर आबा आधी आत जायचे, बिल्ले लावलेला कोट चढवून यायचे, लोखंडी खुर्चीत ताठ बसायचे. तवर गल्ली गोळा व्हायची. मग आबा माझ्याकडं न बघता म्हणायचे, "जवान, शुरू."

रंगा माझ्या बाकावरचा. कागलच्या शाळेत त्यो आन् मी शेजारी, म्हंजे शिक्षाबी एकत्रच. लई बोलका. मैदानाच्या ह्या टोकाला बोलला की त्या टोकाचा गोलकीपर वळून बघायचा. बोलता बोलता मांडीवर थाप, 'ऐक की मर्दा' आन् वर ढगफुटीगत हसणं. त्येचा आवाज काढायला मला तालीम करावी लागली न्हाय. तो माझ्या घशात आधीपासनंच हुता.

एका रजेत त्येचं लगीन झालं. पोरगी निपाणीकडली, शालन. घरातनं पावणे हालायच्या आत पलटणीची तार आली आन् रंगा गेला. मग एकाहत्तरची लढाई. त्येनंतरबी त्येला रजा मिळंना. पुढं दोन वर्सं नवरा म्हंजे महिन्यातनं एकदा येणारं पत्र, आन् त्येबी तिच्या नावानं न्हाय. तवा बायकोला पत्र लिवायची रीतच नव्हती. पत्र बापाला लिवायचं, बायकोनं मधल्या दाराआड उभं राहून ऐकायचं. मला ती दिसायची न्हाय. चौकटीवर हात दिसायचा, हिरव्या बांगड्यांचा. मी वाचायला लागलो की बांगड्या वाजायच्या थांबायच्या.

मी काय करायचो, रंगाचं पत्र वाचताना तोंड दाराकडं करायचो. मांडीवर थाप हाणायचो, हसायचो. 'येथे हवा थंड आहे' ह्या वाक्यात हसण्यासारखं काय हाय? पण रंगा हसला असता, म्हणून मी हसायचो. सगळी गल्ली हसायची. आबांचे बिल्ले हालायचे. दाराआडनं पण एक बारीक हसू यायचं, तोंडावर पदर धरलेलं. त्या घरातनं निघालो की मला उसाच्या पाणंदीतनं सायकल चालवल्यागत वाटायचंच न्हाय, तरंगत जायचो. वाटायचं, मी एका माणसाला घरी सोडून आलोय.

मग त्यो खराच आला.

हलगी वाजवत तालमीची पोरं फाट्यावर गेलती. गुलाल उडाला, काळी ट्रंक कुणी तरी डोक्यावर घेतली. रंगा एसटीतनं उतरला, सगळ्यांकडं बघितलं, आन् म्हणाला, "बरं हाय का सगळं?" एवढ्या हळू की हलगीवाल्यानं हात थांबवला. पुढं काय तरी येईल म्हणून आमी उभं राहिलो. पुढं काय आलंच न्हाय.

रोज संध्याकाळला सोपा भरायचा. लोक लढाईच्या गोष्टी ऐकायला यायचे. रंगा भिंतीला टेकून बसायचा, आपल्या हातांकडं बघत. इचारलं की व्हय, न्हवं, असंल. आबाच मग गोष्टी सांगायचे, आधी स्वतःच्या, त्या संपल्या की त्येंच्या बापाच्या. लोक उठून जाताना एकमेकांकडं बघायचे. आबांना त्ये दिसायचं. सुभेदाराचा पोरगा लढाई जिंकून आलाय आन् त्येला बोलता येत न्हाय, हे त्येंना बंदुकीच्या गोळीपेक्षा जास्त लागत हुतं.

चारसहा दिवसांनी मी दुपारी त्येंच्या दारात एक पाकीट द्यायला गेलतो. आबा मळ्यात. शालन उंबऱ्यापाशी आली, पदर सावरला आन् खालच्या आवाजात म्हणाली, "भावजी, एक इचारू? त्यो कवा येणार?"

"कोण वैनी?"

"पत्रातला."

मला वाटलं थट्टा करती. मी हसलो. ती हसली न्हाय.

लगीन झालं तवा तिनं नवऱ्याला नीट बघितलंबी नव्हतं, घर पावण्यांनी भरलेलं. त्येनंतर दोन वर्सं तिनं ज्येचं बोलणं ऐकलं, ज्येच्या संगं मनात भांडली, हसली, त्यो माणूस ह्यो न्हवं, असं ती म्हणाली. ह्ये उठत्यात, जेवत्यात, भिंतीकडं बघत्यात. मी बोलले की ऐकत्यात, पण मला वाटतंय मी दुसऱ्याच कुणाच्या बायकोगत बोलतीया. आन् मग सरळ सांगितलं, "दादाला निरोप धाडलाय. ह्ये पलटणीत गेले की मी म्हायेरला जाणार. फुडचं फुडं."

आमच्याकडं सून म्हायेरला जाताना कधी परत येणार त्ये सांगून जाती. 'फुडचं फुडं' म्हणत न्हाय.

हे आबांच्या कानावर गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्येंनी मुल्ला मास्तरांच्या दुकानात मला उभं केलं. कोट न्हाय, नुसती बंडी. म्हणाले, "सद्या, माझ्या पोराचा आवाज तुझ्याकडं हाय. त्येला परत घालून दे."

जशी काय माझ्याकडं त्येंची जोंधळ्याची पोती ठेवलेली हुती. मी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी मशीन थांबवलं, सुई वर घेतली आन् म्हणाले, "सदाशिव, उसवलेलं शिवता येतंय. पण कापडच दुसरं आलं असंल तर माप नव्यानं घ्यावं लागंल." आबांना त्ये पटलं न्हाय. त्येंना जुनंच माप पायजे हुतं.

रंगाला घेऊन मी त्येंच्याच गुऱ्हाळावर गेलो. उन्हं कलली हुती. रस उकळणाऱ्या काहिलीतनं वाफ निघत हुती, चुलवाणापाशी उभा असलेला गडी त्या वाफेत कधी दिसायचा, कधी नसायचा. आमी चिपाडाच्या ढिगावर बसलो. मी म्हटलं, मर्दा, तुझी शिकवणी घ्यायचा हुकूम हाय. आन् सुरू केला त्येचा आवाज. शाळेत मास्तरांनी बाकावर उभं केलं तवा त्यो काय बोलला, फायनलमध्ये रेफरीला काय म्हणाला, सगळं. थापा, हसणं, काही सोडलं न्हाय. चुलवाणापाशी गडी हसून हसून खाली बसले.

रंगा मान तिरकी करून ऐकत हुता. तोंडावर हसू हुतं, लांबनं येणाऱ्या गाण्याला असतंय तसं.

"असा हुतो व्हय मी," त्यो म्हणाला.

"हुतास की."

"चांगला हुता. गमत्या." ओळखीच्या पण लांब गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलला. वाफ आमच्यावरनं गेली, अंगाला गोड चिकट वास लागला. "सद्या, तितं बोलायचं न्हाय असा हुकूम असायचा. बोललास तर पलीकडच्याला कळंल तू कुठं हायस. लागंल तेवढंच, कानाशी. मग सवय झाली. आता कुणी मोठ्यानं बोललं की माझी छाती धडधडती. मी बोललो तरीबी."

पहिल्यांदाच माझ्या तोंडात कुणीबी नव्हतं.

"घरात बसतो," त्यो म्हणाला, "आन् घरातली सगळी माझीच वाट बघत बसलेली असत्यात. तुझा त्यो रंगा माझ्या जाग्यावरनं उठतच न्हाय."

"मग पुढचं पत्र वाचू कसं?"

"मी लिवतो तसं."

"तसं तर सगळीच लिवत्यात. तीर्थरूप आन् काळजी नसावी."

त्येनं जरा इचार केला. माझ्या पिशवीतनं एक कोरं इनलँड काढलं, गुडघ्यावर ठेवलं, खिशातलं शाईचं पेन काढलं आन् लिवायला लागला. काय लिवतोय त्ये त्येनं दाखवलं न्हाय. मीबी अक्षरं बघितली न्हाईत, माणूस बघितला. एक शब्द लिवायचा आन् थांबायचा. पेन कागदावरच टेकलेलं. ओठ हालायचे. नजर उसाच्या तुऱ्यांवर जायची, तितं कुणी तरी उत्तर देत असल्यागत ऐकायचा, मान हालवायचा, मग पुढचा शब्द. त्येनं इनलँड माझ्या हातात दिलं तवा मी उन्हाकडं धरून बघितलं. जिथं जिथं त्यो थांबलेला, तिथं शाईचा एक टपोरा ठिपका पडलेला. रंगानं त्ये घडी करून परत आपल्या खिशात ठेवलं. त्येची सगळी पत्रं माझ्या हातातनं गेलती. त्ये ठिपके सगळ्या पत्रांत हुते. मला वाटायचं पेन गळतंय.

नकला करणाऱ्याला गप्प बसलेल्या माणसाची नक्कल करा म्हणावं. मी सायकलीवर रोज तालीम केली. हलगीवाला काढता येतो, रेफरी काढता येतो, रेडिओ काढता येतो. पण ऐकत बसलेला माणूस काढायचा म्हंजे स्वतःला ऐकावं लागतंय, आन् ती सवय मला अजिबात नव्हती.

रजा संपली, रंगा गेला. फाट्यावर ह्या वेळी हलगी नव्हती.

त्येचं पत्र आलं त्याच दिवशी शालनचा भाऊ तिला न्यायला आलता. मी गल्लीत शिरलो तवा त्यो सोप्यात उभाच, पायात चपला, शेजारी तिची वळकटी आन् पत्र्याची पेटी. निपाणीकडं जाणारी एसटी यायला थोडा वेळ हुता म्हणून थांबलेला. आबा त्येच्याशी बोलत नव्हते. माझ्या हातात पत्र बघितलं आन् आत गेले. बाहेर आले तवा अंगात कोट. गल्ली जमली, पण पूर्वीसारखी न्हाय, जरा लांबनं, जणू घरात काही तरी झालंय.

आबा खुर्चीत बसले. "जवान, शुरू." आवाजात हुकूम कमी, दुसरंच काही तरी जास्त. त्येंना काय पायजे त्ये मला कळत हुतं. त्यो रंगा एकदा सोप्यात येऊन हसला असता, मांडीवर थाप मारली असती, तर सून राहिली असती. त्येंना तरी तसंच वाटत हुतं.

मी पत्र उघडलं. ठिपके बघितले. आन् हळू सुरू केलं.

"तीर्थरूप आबांस..."

थांबलो. पेन टेकलेलं असतंय तेवढा.

"साष्टांग नमस्कार. मी... पोचलो."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागनं कुणी तरी म्हणालं, पोस्टमनला ताप आलाय काय. शालनच्या भावानं पेटीचं कडं हातात घेतलं. आबा खुर्चीत पुढं झाले.

"सद्या, नीट वाच. आवाज काढ त्येचा."

"ह्योच हाय आबा त्येचा."

"ह्यो माझ्या पोराचा न्हवं," आबा म्हणाले. एवढे मोठ्यानं की कोटावरचे बिल्ले वाजले. "माझा पोरगा असा मेल्यागत बोलत न्हाय. मोठ्यानं वाच."

एक क्षण वाटलं, काढावा जुना, काय जातंय माझं. थाप मारायला मांडीबी हुती, हसायला गळाबी हुता.

"आबा."

मधल्या दारातनं आलेला आवाज. सून सासऱ्याशी चार माणसांत बोलायची न्हाय, आन् ही तर कधी दाराआडनंबी बोलली नव्हती. सगळी गल्ली चौकटीकडं बघायला लागली. हात तितंच हुता.

"असंच वाचू द्या," शालन म्हणाली. "ह्ये असंच बोलत्यात. मला ऐकू येतंय."

आबा हळूहळू मागं टेकले. मी ठिपक्यापासनं पुढं वाचायला घेतलं.

"तांबडी म्हैस... व्याली असेल."

थांबलो. पत्रात ठिपका मोठा हुता, मीबी तेवढाच थांबलो. त्या थांबण्यात गल्लीत कुठं तरी कावळा ओरडला, उसातनं वारं आल्याचा आवाज आला, आन् मग आतनं, मी कधी ऐकला नव्हता असा, सवयीचा, घरातला आवाज आला.

"व्याली की. रेडी झाली."

मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. मग वाचलं. "रात्री तुम्ही सर्व... लवकर झोपत जा." आतनं आलं, झोप कुठली, रेडी ओरडती. कुणी हसलं न्हाय. सगळी तिच्या बोलण्याकडं कान लावून हुती, जणू तिसरंच कुणी तरी सोप्यात येऊन बसलंय आन् त्येला पाणी द्यायचं राहिलंय.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. शालनच्या भावानं दाराकडं बघितलं. बांगड्या हालल्या न्हाईत. त्येनं पेटीचं कडं सोडलं, पायातल्या चपला काढल्या आन् पायरीवर बसला.

"आबांचा खोकला," मी वाचलं, "कसा आहे."

थांबलो. आतनं उत्तर आलं न्हाय. तिनं त्ये राखून ठेवलं. आमी सगळी खुर्चीकडं बघत हुतो. आबा खाली बघत हुते, कोटाची एक गुंडी बोटानं फिरवत. मग सुभेदारांनी घसा साफ केला आन् हळू, अगदी कानाशी बोलावं एवढ्या हळू, म्हणाले, "बरा हाय म्हणावं. तू कसा हायस?"